छाटणी

ऋजुता भाटकरला गिऱ्हाइकांची कीव यायची आणि ती लपवण्याचे कष्ट तिने कधी घेतले नाहीत. त्या सकाळी तिच्या रत्नागिरीतल्या संगणकांच्या दुकानात एक आर्किटेक्ट आला होता. त्याला सगळ्यात ताकदवान मशीन हवं होतं आणि त्याचं खोकं काचेचं हवं होतं, आत निळे-जांभळे दिवे उजळणारं.

"दिव्यांनी काय होतं?" ऋजुताने विचारलं.

"पार्टी ऑफिसात आली की इम्प्रेशन पडतं."

"मग मशीन कशाला घेताय? दिवाळीची माळ घ्या."

तो हसला. आपला अपमान झालाय हे त्याला कळलं नव्हतं, किंवा कळूनही चालणार होतं. गोव्यापासून पुण्यापर्यंत डिझाइनच्या जड सॉफ्टवेअरसाठी मशीन निवडून, जुळवून देणारं ऋजुतासारखं दुसरं कोणी नव्हतं. तिने त्याला समजावलं, म्हणजे झापलंच. "तुम्ही दिवसभर भिंती ओढता आणि खिडक्या सरकवता. त्याला प्रोसेसरचा एकच कोर लागतो, पण चपळ लागतो. तुम्ही मागताय तसले ढीगभर कोर घेतलेत तर एक राबेल आणि बाकीचे पानाला चुना लावत बसतील. पैसे मेमरीत घाला. दिवे घरी लावा."

तो मुकाट्याने तिने सांगितलेलं मशीन ठरवून गेला. ऋजुताने नाक मुरडलं. माणसं यंत्र घेतात ती कामासाठी नव्हे, स्वतःबद्दल बरं वाटावं म्हणून, हे तिचं ठाम मत होतं.

ही कीव घरी मात्र जरा वेगळी व्हायची. तिचा नवरा शार्दूल बोटींचे आराखडे काढायचा आणि फार चांगले काढायचा. पण या माणसाला घाई नावाचा अवयवच दिलेला नव्हता. बोटीच्या तळाभोवती पाणी कसं वाहील हा हिशेब एकदा मशीनला घातला की उत्तराला अख्खी दुपार लागे, आणि तेवढा वेळ हा गृहस्थ धक्क्यावर जाऊन लोकांच्या बोटी न्याहाळत बसे. परत येताना बहुधा मत बदललेलं असे. मग नवा हिशेब, पुन्हा दुपार. बायको जिल्ह्यातली सगळ्यात वेगवान मशीनं जुळवते आणि नवरा तिने कॉलेजात असताना जोडलेल्या डब्यावर काम करतो, हे ऋजुताला लाजिरवाणं वाटायचं.

त्या वर्षी खाड्यांमधून डिझेलच्या प्रवासी बोटींना बंदी आली. पलीकडच्या गावांना बॅटरीवरच्या बोटी हव्या होत्या आणि त्या येईपर्यंत लोकांना मोठा वळसा घालून रस्त्याने यावं लागत होतं. फरिदाआपा सोलकरांच्या यार्डात तीन पिढ्या बोटी बांधल्या जात होत्या. त्या एक दिवस थेट घरी आल्या.

"शार्दूल, तुझी बोट चांगली असते, मी नाही म्हणत नाही. पण तुझं चित्र येईस्तोवर माझे सुतार कोळंबीच्या धंद्याला लागतील. जरा हात उचल."

"आपा, पाण्याचं गणित आहे. घाई करून चालत नाही."

"चालतं," ऋजुता आतून म्हणाली. "मी चालवून दाखवते."

युक्ती तशी जुनीच होती. प्रोसेसरच्या पोटात ती कित्येक वर्षं चालत आली होती. पुढे काय विचारलं जाणार याचा अंदाज बांधायचा, तो हिशेब आधीच करून ठेवायचा, आणि अंदाज चुकला तर टाकून द्यायचा. नव्या सॉफ्टवेअरने तीच युक्ती माणसावर लावली होती. आराखडा काढणारा बराच वेळ नुसता विचार करतो आणि तेवढा वेळ मशीन बसून असतं. त्या रिकाम्या वेळात मशीनने त्याच्या पुढच्या चाली ओळखायच्या आणि प्रत्येकीचं उत्तर शिजवून ठेवायचं. माणसाने विचारायला तोंड उघडावं, तर ताट वाढलेलं. याला पूर्वगणन म्हणत.

पण ओळखायचं तर आधी माणूस शिकावा लागतो. त्याची नजर पडद्यावर कुठे रेंगाळते, हात कुठे थबकतो, काय काढून पुसतो, हे मशीन महिनोन् महिने टिपत राही. धंद्यातले लोक त्याला 'हात शिकवणं' म्हणत. शिकलेल्या हाताला शेकडो फांद्या फुटत. इथून हा तळ रुंद करेल, किंवा वजन मागे नेईल, किंवा बाकं हलवेल. सगळ्या फांद्या जोपासायच्या म्हटलं तर कुठलंच मशीन पुरत नाही, प्रत्येक उत्तर अर्धकच्चं राहतं. म्हणून छाटणी करावी लागे, आणि ती माणसालाच करावी लागे. कुठल्या फांद्या ठेवायच्या आणि कुठल्या तोडायच्या, यातच जुळवणाऱ्याचं कसब. ऋजुताइतकी निर्दय छाटणी कोणाची नव्हती.

तिने शार्दूलसाठी मशीन उभं केलं. मोठी मेमरी, पाण्याच्या गणितासाठी दोन ग्राफिक कार्डं, साधा काळा डबा. पावसाळाभर मशीन त्याचा हात शिकत राहिलं. मग एका सकाळी ती चहाचा कप घेऊन त्याच्या मागे उभी राहिली. शार्दूलने तळाची एक रेघ जरा आत ओढली आणि सवयीने उठायला खुर्ची मागे सरकवली. पण पडद्यावर पाणी वाहत होतं. उत्तर आलेलं होतं.

"हे कधी केलं याने?" त्याने विचारलं.

"तू कान खाजवत होतास तेव्हा."

तो पोरासारखा हसला. दिवसभर जेवायलाही उठला नाही. संध्याकाळी म्हणाला, "ऋजू, हे माझ्या मनातलं वाचतंय गं."

"मनातलं नाही. सवयीतलं," ती म्हणाली.

पुढचे काही आठवडे ती मशीन घासूनपुसून लखलखीत करत राहिली. जिथे उत्तर रेंगाळे तिथे शोधायची, जागा कोण अडवून बसलंय ते बघायची आणि तोडायची. अशीच एक फांदी तिला यादीच्या अगदी शेवटी सापडली.

"हे काय आहे रे? मागून लाट येतेय, त्यातच सगळी माणसं एका बाजूला, आणि त्यातच बोट वळतेय. हे नियमातही नाही. नियमात शांत पाण्यातली चाचणी आहे, ती आपण करतोच."

"नियमात नसेल. मी आपलं एकदा बघून घेतो."

"रोज?"

"छे. बोटीमागे एकदा. अगदी शेवटी."

"बोटीमागे एकदा! आणि त्यासाठी हे निम्मी मेमरी धरून बसलंय."

"मग काय करायचं?"

"काढायचं. तुला हवंच असेल तेव्हा मुद्दाम विचार. देईल की, थोडा वेळ घेऊन."

"बरं," शार्दूल म्हणाला. तो नेहमी बरंच म्हणायचा. तिने फांदी तोडली आणि मशीन वाऱ्यासारखं सुटलं.

त्यानंतर शार्दूल भाटकर हे नाव किनाऱ्यावर झालं. एका बोटीला लागायचा तेवढ्या वेळात चार निघू लागल्या. वेंगुर्ल्याहून, श्रीवर्धनहून यार्डवाले येऊ लागले. शार्दूलने धक्क्यावर जाणं सोडलं. वेळ नव्हता म्हणून नव्हे. जायचं कारणच उरलं नव्हतं. ते शेवटचं एकदा बघून घेणंही गेलं. मुद्दाम विचारलं तर दुपार जायची, आणि शेजारी बाकीची उत्तरं हात जोडून उभी असायची. दुपार दवडायची सवय मोडायला माणसाला वेळ लागत नाही.

ऋजुताला हवं होतं ते झालं होतं. आणि तेव्हाच तिला नवऱ्याचा कंटाळा येऊ लागला.

ती मागे उभी राहून बघायची. तो एक रेघ हलवायचा, मशीन तीन उत्तरं पुढे करायचं, तो पहिलं घ्यायचा. पुन्हा तीन, पुन्हा पहिलं. रविवारच्या बाजारात भाजीवाली देईल ती जुडी मुकाट्याने पिशवीत टाकणारे नवरे तिने पाहिले होते. हा त्यातलाच, आणि याला लोक कलाकार म्हणतात! मशीन दहातल्या नऊ वेळा त्याची चाल आधी ओळखत होतं. ज्याला आपण हळूहळू विचार करणारा समजत होतो, त्याच्या डोक्यात मुळात होतं तरी काय? काचेचं खोकं मागणारा तो आर्किटेक्ट निदान स्वतःची आवड घेऊन आला होता.

एका दुपारी शार्दूल यार्डात गेला असताना ती त्याच्या खुर्चीत बसली. फरिदाआपांच्या नव्या मोठ्या फेरीबोटीचं काम नुकतं सुरू झालं होतं, पडद्यावर जेमतेम लांबी-रुंदी होती. ऋजुताला बोटीतलं काही कळत नव्हतं. तिने मशीनने पुढे केलेलं पहिलं उत्तर घेतलं. मग पुढचं पहिलं. चहा निवायच्या आत बोट तयार झाली होती. बॅटऱ्या डेकवर दोन्ही कडांना, बाकांखाली, बदलायला सोप्या. निमुळता तळ. देखणी होती.

शार्दूल आला, घाम पुसत खुर्चीत बसला, पडद्याकडे बघितलं.

ऋजुता दारात थांबली. आता तो दचकेल, असं तिला वाटलं. त्याने दचकावं, असं अजूनही तिला मनातून वाटत होतं.

"हां, हे परवा काढलेलं," शार्दूल म्हणाला. "बरं झालंय, नाही? बाकांची एक ओळ पुढे घेतो फक्त."

"छान झालंय," ऋजुता म्हणाली.

तिने सांगायला हवं होतं. पण त्या क्षणी तिला जी तुच्छता वाटली ती इतकी पुरेपूर होती की तिच्यात काही मिसळावंसं तिला वाटलं नाही. त्याला स्वतःचं काम ओळखता येत नाही. बघू या कधी ओळखतो. बाकांची ओळ पुढे गेली, शांत पाण्यातली चाचणी उत्तम पार पडली, आराखडा यार्डात गेला, लाकूड आणि फायबर कापलं गेलं. ऋजुता रोज वाट बघत होती. शार्दूलने काही ओळखलं नाही.

बोट पाण्यात उतरली त्या दिवशी फरिदाआपांनी सगळ्यांना चाचणीच्या फेरीला बोलावलं. सुतार, वेल्डर, पलीकडच्या गावचे पंच, शार्दूल आणि ऋजुता. बोट मुळी आवाजच करत नव्हती. पंचांपैकी एक म्हातारा सारखा इंजिन चालू आहे ना म्हणून विचारत होता. खाडीतून बाहेर जाऊन ती समुद्रात एक वळसा घेऊन परतीला लागली. फरिदाआपांनी शार्दूलच्या पाठीवर थाप मारली.

खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे. तिथे पाणी उथळ होतं आणि मागून येणारी लाट उंच उठते. बोट दांड्यावर आली आणि तांडेलाने सुकाणू वळवलं. किनाऱ्यावर पलीकडच्या गावची माणसं ताशे घेऊन उभी होती. ताशे सुरू झाले. बोटीवरची सगळी माणसं डावीकडच्या कठड्याला धावली, कोणी हात हलवायला, कोणी फोटो काढायला.

मागून लाट आली.

बोट कलली, आणि कललेलीच राहिली. कलणारी बोट परत येते हे किनाऱ्यावरचं लहान मूलही अंगाने जाणतं. ही येत नव्हती. ऋजुताला आकाश दिसत होतं तिथे पाणी दिसू लागलं. "उजवीकडे! उजवीकडे व्हा सगळे!" तांडेल ओरडत होता, पण उजवीकडे म्हणजे आता वर होतं. फरिदाआपा ओल्या डेकवरून घसरत गेल्या आणि खांद्यावर कठड्याला आदळल्या. दोन सुतार पाण्यात पडले. शार्दूल एका खांबाला धरून, तोंड उघडं टाकून, बाकांखालच्या बॅटऱ्यांकडे बघत होता.

मग लाट पुढे निघून गेली आणि बोट, जणू मनावर घ्यावं की नाही असा विचार करून, हळूहळू सरळ झाली. सुतारांना दोर टाकून ओढून घेतलं. कोणी मेलं नाही. ताशे कधी थांबले ते कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

फरिदाआपांचा खांदा मोडला होता. हात गळ्यात बांधून त्यांनी यार्डात सगळ्यांना बोलावलं.

"ही बोट कोणी काढली?"

"मी," शार्दूल म्हणाला.

"अरे, पोरं शाळेला जाणार होती या बोटीतून! वर एवढं वजन, खाली काही नाही. तू पूर्वी असं करायचास? तू तर दांड्यावरची लाट बघितल्याशिवाय चित्र द्यायचा नाहीस."

"चुकलं आपा. बघायचं राहिलं."

"राहिलं! मिठाची पुडी राहिल्यासारखं सांगतोयस."

तिथे सुतार उभे होते, पाण्यात पडलेले दोघेही. सगळे त्याच्याकडे बघत होते. शार्दूल मान खाली घालून ते घेत राहिला. तो न काढलेल्या बोटीसाठी शिव्या खातोय हे तिथे फक्त ऋजुताला माहीत होतं, आणि तिला त्याचाच राग आला. स्वतःच्या वतीने भांडताही येत नाही!

घरी आल्यावर ती म्हणाली, "ती बोट तू काढलेली नाहीस."

तिने सगळं सांगितलं. ती दुपार, ते पहिलं उत्तर, तो चहा. सांगताना तिला वाटलं, आपण त्याच्यावरचं ओझं काढतोय. शार्दूल ऐकत राहिला. तिचं संपल्यावर त्याने एवढंच विचारलं, "आणि मी म्हणालो, परवा काढलेलं?"

"हो."

"आणि तू म्हणालीस, छान झालंय."

ऋजुताने मान डोलावली.

"मला वाटलं होतं माझं एक बघायचं राहिलं," शार्दूल म्हणाला. "चूक केली तर माणूस ती सुधारतो. पण मला माझं काम ओळखता येत नाही, हे मला तू आत्ता सांगितलंस. आणि तुला हे गेले चार महिने माहीत होतं."

दुसऱ्या दिवशी तो यार्डात राहायला गेला. फरिदाआपांनी त्याला बोट दुरुस्त करून दे म्हणून बजावलं होतं आणि सामानाच्या खोलीत एक टेबल दिलं होतं. ऋजुताने त्याला थांबवलं नाही. रुसलाय, येईल, असं ती स्वतःला म्हणाली. रुसणाऱ्या माणसांबद्दलही तिचं मत फारसं बरं नव्हतं.

तो आला नाही. आला तो पुण्याच्या एका कंपनीचा फोन. त्यांना शार्दूल नको होता, त्याचा शिकलेला हात हवा होता. अपघाताचं त्यांच्या कानावर आलं होतं. बोलणारा तरुण लोण्यासारखा गुळगुळीत होता. "मॅडम, लाटेचा एक नियम वरून घालून टाकू. हात सुंदर आहे. भाटकर सरांच्या शैलीतल्या बोटी आम्ही देशभर देऊ."

"आणि सर?"

"सरांची आवश्यकता नाही ना. तेच तर सौंदर्य आहे त्याचं."

फोन ठेवून ऋजुता मशीनपुढे बसली. विकायचा की पुसायचा हे ठरवण्याआधी माल तपासायचा, ही तिची धंद्याची सवय. हात किती खरा आहे हे कळायला तिच्याकडे एक सरळ चाचणी होती. शार्दूलने लग्नाच्या वर्षी एक छोटी बॅटरीची बोट काढली होती, या मशीनच्या कितीतरी आधी. ती अजून राजिवड्याच्या बाजूला लोकांना ने-आण करत होती. तिने तीच लांबी-रुंदी, तेवढीच माणसं, तीच खाडी मशीनला घातली. हात शार्दूलचा असेल तर बोटही साधारण तीच निघायला हवी.

निघाली ती दुसरीच. शार्दूलने बॅटऱ्या तळात खोल ठेवल्या होत्या, बदलायला कटकटीच्या; इथे त्या वर आल्या. त्याने पोट फुगीर ठेवलं होतं, दिसायला बेढब. इथे ते निमुळतं झालं. तिने पुन्हा करून बघितलं, वेगवेगळ्या ठिकाणाहून सुरुवात केली. प्रत्येक वळणावर मशीन एकच गोष्ट निवडत होतं: जिचं उत्तर सगळ्यात लवकर हाती येईल ती. बेढब, कटकटीचं, उशीर लावणारं जे जे काही होतं, त्या जागी फांदीचा नुसता खुंट होता, आणि प्रत्येक खुंट तिला ओळखू येत होता. त्या फांद्या तिनेच तोडल्या होत्या.

शार्दूलने पहिलं उत्तर घेतलं, ते खरं. पण पहिलं कोणतं यायचं हे त्याने ठरवलं नव्हतं. या मशीनमध्ये शार्दूलचा हात कधीचाच राहिला नव्हता. पाहून पाहून ज्याचा तिला तिटकारा आला होता, कसला विचार नाही, नुसती घाई, तो हात तिचा होता. ती फेरीबोट तिने गंमत म्हणून काढली असं ती समजत होती. ती तिची स्वतःची बोट होती, पुढच्या नाळेपासून मागच्या सुकाणूपर्यंत.

तिने मशीनमधला तो हात पुसून टाकला. पुसल्याने मन हलकं होईल असं वाटलं होतं, झालं नाही. पुण्याला फोन करून माल खराब निघाला म्हणून कळवलं. मग ती यार्डात गेली.

सामानाच्या खोलीत फरिदाआपा एका हाताने जेवत होत्या. शार्दूल दाराकडे पाठ करून टेबलाशी होता. समोर कुठलासा जुना संगणक, आणि शेजारी मोठमोठे कागद, कोपऱ्यांवर नटबोल्ट ठेवलेले. ऋजुता दारातच उभी राहिली. बाहेर वारा सुटला होता.

"आपा, तुम्ही त्या दिवशी विचारलंत बोट कोणी काढली."

"याने सांगितलं मग."

"त्याने नाही. मी काढली. मशीनमध्ये याचं जे होतं ते मी तोडून टाकलं होतं. राहिलं ते माझं होतं, आणि त्यातून ती निघाली. सुतारांनाही सांगायचंय मला. सगळ्यांसमोर."

फरिदाआपांनी घास खाली ठेवला. त्यांनी ऋजुताकडे ज्या नजरेने बघितलं ती तिला चांगलीच ओळखीची होती. आजवर ती नजर तिची स्वतःची असायची, समोरच्या गिऱ्हाइकावर रोखलेली.

"सांग," त्या म्हणाल्या. "जेवायच्या सुट्टीत असतात सगळे. तू सांगितल्याने माझा खांदा काही जुळत नाही." मग मान वळवून म्हणाल्या, "शार्दूल, ऐकलंस ना?"

"ऐकलं," शार्दूल म्हणाला. त्याने मागे वळून बघितलं नाही. कागदाचा एक कोपरा उडत होता तो त्याने तळव्याने दाबून धरला. "आपा, तिला म्हणावं, जाताना दार लावून घे. वाऱ्याने काम होत नाहीये."